संकष्टीचा उपास आणि शुगरची गोळी

नलूताई, पायाची जखम सुकली का गं? भाऊ, खोकला काय म्हणतोय? बाकी मंडळी, सकाळी शुगर तपासलीत ना?

माझी मात्र आज वाट लागली होती. संकष्टीचा कडक उपास, आणि शुगरची गोळी सवयीने घेऊन बसले. अकराच्या सुमारास हात कापायला लागले, दरदरून घाम फुटला. मुलुंडच्या घरात मी एकटीच. उपासानेच होत असेल म्हणून इथे आपल्या मधुमेहींच्या ग्रुपवर विचारलं, ‘गोळी घेतलीय, उपास आहे, हात कापतायत, घाम फुटलाय. चंद्रोदयापर्यंत कसं निभवू?’

लगेच ग्रुपमधल्याच विक्रोळीच्या शोभाचा फोन. आम्ही कधी भेटलेलोही नाही. ओरडलीच, "मावशी, शुगर उतरलीय तुमची! चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, आत्ता!"

"अगं, उपास मोडेल."

"बाप्पाला मी सांगते. तुम्ही प्या आधी!"

प्याले. हात कापायचे थांबेपर्यंत तिने फोन ठेवू दिला नाही. मग वरणभात जेवले, डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर बेशुद्ध पडला असता."

शोभा, पोरी, तू होतीस म्हणून आज हे लिहितेय.

गोळी घेऊन उपास करणारं तुमच्यात आणखी कोण आहे? लाजू नका, डॉक्टरांना विचारा, आणि मला आजच्या आज लिहून कळवा.