ग्रहण नव्हे, आमचेच रक्त

भावकीत अजूनही सांगितले जाते, की मी डॉक्टरीणबाईंसमोर दिवंगत थोरल्या भावाची अब्रू घालवली. सांगणाऱ्यांपैकी तिथे एकही हजर नव्हता. या वयात वाद घालण्याचाही शीण येतो. तरी खोटे तसेच राहू देण्याची मला सवय नाही.

नात चौथीत गेली तरी तिला वाचता येत नव्हते. तोंडी विचारले तर पटापट उत्तरे. पुस्तक उघडले की घाम. आमच्या घोडेगावच्या घरात निदान आधीच झाले होते: पोटुशी असताना सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली. भावाच्या मागे आमच्यातच राहणारी वहिनी म्हणे, "गिऱ्हानाचं हाय ते. साळा काय करनार? शिवनकाम शिकवा पोरीला." माझा पदवीधर मुलगा मान डोलवी.

शेवटी सून हट्टाने तिला नगरला तपासायला घेऊन निघाली. मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. पुष्कळदा हे वंशातून येतं. घरात आणखी कुणाला?"

सून मान खाली घालून म्हणाली, "मी गिऱ्हान पाळलं न्हाई."

तेव्हा मी बोललो, ओरडलो नाही. "माझ्या थोरल्या भावाला होतं. एसटीची पाटी तो दुसऱ्याकडून वाचून घेई. चष्मा घरी राहिला, म्हणे. चष्मा त्याला कधी नव्हताच."

ग्रहणाचा काही संबंध नाही, हे बाईंनी सुनेला दोनदा सांगितले. औषध नाही, म्हणाल्या. निराळ्या पद्धतीने, चिकाटीने शिकवावे लागेल.

सुनेने मुलाला फोनवर सगळे कळवले होते; घरी पोहोचलो तर वहिनी उंबऱ्यातच उभी होती. "मेल्या मानसाला ढ ठरवून आलात, भावजी?"

"ढ नव्हता, हेच सांगून आलो."

"अन् उद्या सोयरिकीला काय सांगायचं?"

"आधी पोरीला वाचू द्या, वहिनी."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मुलाने मात्र शिवणकामाचा विषय सोडला.

आता दर शनिवारी मी नातीला भिंगारच्या शिकवणीला नेतो. ती ताटातल्या रव्यात बोटाने अक्षर गिरवते, आवाज उच्चारते, पुसते, पुन्हा गिरवते. माझे गुडघे कुरकुरतात, बाक अरुंद आहे. परवा तिने एक ओळ वाचली. शेवटचा शब्द अंदाजाने ठोकून दिला. शिक्षिकेने तिला ओळीच्या आरंभाला परत नेले. मी बाकावर पाय सैल सोडून बसलो. एसटीला अवकाश होता.