खरवडलेली लेबलं

मंगलताई चटणीच्या बरण्यांवरची बारकोडची लेबलं नखांनी खरवडत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सकाळीच दुकानदाराचा फोन आला होता, "तुमची जवसाची चटणी स्कॅन केली की शेंगदाण्याची दाखवते." मी आमच्या चटणी उद्योगातल्या सगळ्या बायकांसमोर त्यांच्यावर ओरडले होते, "चिकटवताना लक्ष कुठं असतं तुमचं?" त्या लगेच बरण्या पुढ्यात ओढून लेबलं काढायला बसल्या. दुपारी नवी लेबलं छापायला बसले, तेव्हा कळलं की दोन्ही चटण्यांना एकच नंबर मीच टाकला होता.

चूक दिसली की आपलं बोट किती सहज उलट न बोलणाऱ्या माणसाकडे वळतं!

"मंगलताई, चूक माझी होती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्यांनी हात थांबवून हळूच विचारलं, "मग उद्या कामाला येऊ ना?"