लाडकीबाईंचं पथ्य सोडवायला

डहाणूहून तलासरीची एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर चिंचणीच्या सुक्या बोंबलांची पिशवी होती. आशागड यायच्या आतच ती फाटली. कंडक्टर म्हणाला, "काका, बोंबलांचं अर्धं तिकीट काढा." मागच्या बाईंनी हसत दुसरी पिशवी दिली आणि जेवण कुणाकडे, असं विचारलं. मी चूक कबूल करायला निघालो होतो, हे मला सांगता आलं नाही.

विवळवेढ्यापुढे कापलेली भातशेतं आणि ताडाची झाडं दिसू लागली. थंड वारा छान लागत होता.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी आणि आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या लाडकीबाई, दोघींचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं. मी ऐकीव माहितीवर लाडकीबाईंना बजावलं, मासळी उष्ण, बंद करा. दूध, सफरचंद घ्या. आठवड्याभरात डॉक्टरांनी पत्नीला अंडी-मासे खायला सांगितले. ते मी लाडकीबाईंना कळवलंच नाही. लाज वाटली. दूध-सफरचंद त्यांना कुठून मिळणार? त्या भात आणि मिरचीवर राहिल्या. रक्त कमी म्हणून त्यांचे केमोचे डोस पुढे ढकलले जात. पत्नी डोस घ्यायला गाडीतून जायची, भरला डबा खायची. ती बरी झाल्यावर मी गावभर सांगितलं, हा पथ्याचा गुण.

आता लाडकीबाईंचा आजार उलटला होता. रक्त वाढलं तरच सोमवारचा डोस मिळणार, आणि त्या अजूनही मासळीला शिवत नाहीत, असं त्यांच्या वस्तीवरच्या आरोग्यसेविकेकडून कळलं. मासळी चालेल ना, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून मी निघालो होतो.

पाड्यावर लाडकीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्नी रोज मासे खायची, हेसुद्धा. चुलीपाशी त्यांची सून थबकली.

लाडकीबाईंनी हातातली शेंग सोलून सुपात टाकली. मग म्हणाल्या, "तेव्हाच यायचं ना, गुरुजी. डहाणू काय लांब हाय?"

मी बोंबलांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सुनेकडे सरकवली. "भाज गो. तीन वर्षं नाकानं खाल्लं, आता तोंडानं खाते."

नाचणीची भाकरी, भाजलेले बोंबील, मिरचीचा ठेचा. त्यांनी दुसरा बोंबील स्वतःहून घेतला. मलाही आग्रहानं वाढलं.

परतताना मन हलकं होतं. सोमवारी काय होईल, ठाऊक नाही. पण पत्नी पथ्यानं बरी झाली, असं मी ज्यांना सांगितलं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तिला डोस वेळेवर मिळाले, आणि ती पोटभर जेवत होती.