रिकाम्या टेबलावरचं इंजिन

नसलेल्या वस्तूला इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी माझ्या रूम पार्टनरबद्दल छातीठोकपणे सांगतो. आसेगावकडचा गडी, घरी वांग्यांचं वावर. इंजिनांचा विषय हात धुऊन त्याच्या मागे लागला होता. लेखी कशीबशी व्हायची, पण तोंडी परीक्षेत परीक्षक दिसले की याची बोबडी वळायची. वडिलांनी बजावलं होतं, "यंदा नाई निंगाला तं पुन्याची नोकरी-फिकरी इसर अन् वांगे तोडाले ये." आणि याला तर पुण्याच्या कारखान्याशिवाय दुसरं स्वप्नच पडत नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचे चष्मे आले. चष्मा चढवला की प्रयोगशाळेतल्या रिकाम्या टेबलावर अख्खं इंजिन उभं राहायचं आणि हवेत बोटं फिरवली की त्याचा एकेक भाग सुटा व्हायचा. सर हरखून गेले, पोरं नाही. कोणाचं डोकं गरगरायचं, कोणाचा भांग मोडायचा, बाकीच्यांना हवेत हात मारताना आपण वेडे दिसतो याची लाज. लाज हा प्रकार माझ्या पार्टनरमध्ये बसवायला देव विसरला होता. त्याने चष्मा लावला आणि त्या इंजिनाशी थेट सोयरिकच केली. पिस्टन ठेवण्याआधी टेबलाची कड पुसून घ्यायचा. तास संपला की साबणाने चोळून चोळून हात धुवायचा. मी हसलो तर माझ्यावरच डाफरायचा, "काहून हसून राह्यला बे? मागं सरक, गरम हाये ते."

दसऱ्याला तर कहर झाला. वर्कशॉपमधल्या सगळ्या मशिनींना हळदकुंकू वाहून झालं, तसा हा म्हणाला, "अन् त्याची पूजा कोन करीन? त्यानं काय पाप केलं?" चष्मा लावून मोठ्या भक्तिभावाने त्याने इंजिनाला कुंकू लावलं, ते पलीकडे उभ्या असलेल्या सरांच्या पांढऱ्या शर्टाला लागलं. झेंडूचा हार घातला, तो सरळ फरशीवर. "पडला नाई," हा शांतपणे म्हणाला, "फ्लायव्हीलवर हाये." सरांनी शर्ट झटकला, पण चष्मे आणल्याचं सार्थक झालं, असं त्यांना त्याच दिवशी वाटलं असावं.

तोंडी परीक्षा आली, तोवर वर्षभरापुरते आणलेले चष्मे परत गेले होते. आमची गाळण उडाली. हा मात्र रिकाम्या टेबलासमोर उभा राहिला आणि परीक्षकांकडे न बघता हवेतलं इंजिन खोलू लागला. व्हॉल्व्ह, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सगळं काढून समजावत गेला. बोबडी कुठच्या कुठे पळाली. मध्येच म्हणाला, "सर, चहा थोडा बाजूले घ्या, क्रँकशाफ्ट ठेवाची हाये." परीक्षकांनी मुकाट्याने कप उचलला. गडी पास!

निकालाच्या दिवशी वडील पिशवीभर वांगी घेऊन आले. म्हणाले, "कोन्तं इंजिन शिकला, मले दाखव तं." हा क्षणभर ओशाळला, मग त्यांना त्या टेबलापाशी घेऊन गेला आणि सगळं इंजिन दाखवलं. वडील वाकून वाकून बघत होते.

"आपल्या पंपापक्षा मोठं हाये," ते म्हणाले. "याच्यात तेल कुठून टाकतेत?"

"इथून, बाबा."

त्यांनी पोराच्या बोटाशेजारी आपलं बोट धरलं. "बरं, जाय मंग पुन्याले," एवढंच बोलले.

मला तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी माझे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात तो गेला. त्याच्याशिवाय ही खोली मला अजिबात आवडत नाही.