पाळण्याआधीचं गाऱ्हाणं

पहिल्यांदा त्या पार्कात गेले तेव्हा मी पाच महिन्यांची गरोदर होते आणि दिवसभर एका बाकावर बसून अकरा जणांच्या पिशव्या सांभाळल्या. नवऱ्याच्या ऑफिसची सहल होती. 'तू नाही आलीस तरी चालेल' असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणूनच गेले. माझा स्वभावच तसा आहे. प्रत्येक राइडच्या दाराशी एक पाटी होती. तिच्यावर पोट पुढे आलेल्या बाईचं चित्र आणि चित्रावर लाल फुली. हृदयविकारवाले, पाठदुखीवाले आणि मी, असे आम्ही तिघं बाद. बाकीचे दोघं निदान खोटं बोलून आत घुसू शकले असते. माझं पोट माझ्या आधी दाराशी पोचायचं.

बाकाच्या बरोबर समोर रोलरकोस्टर होता. माणसं हळूहळू वर जायची, टोकाला क्षणभर थांबायची आणि किंचाळत खाली यायची. ऑफिसात एरवी 'हं' आणि 'ओके' एवढंच बोलणारा माझा नवराही शंख केल्यासारखा बोंबलत खाली आला आणि उतरल्यावर इतका खूश दिसला की मला त्याचा रागच आला. मांडीवर चार मोबाइल, तीन गॉगल आणि कुणाचा तरी ओला टॉवेल घेऊन मी पोटाला सांगितलं, "तू एकदा बाहेर ये. मग मी इथे परत येणार आणि त्यात बसणार. एकटी."

ती बाहेर आली. गोड आहे, गोरीगोमटी नाही पण गुबगुबीत आहे, आणि रडायला लागली की आमच्या नाहूरच्या इमारतीत खालच्या मजल्यापर्यंत बातमी जाते. ती आल्यापासून मला कुणी फोन केला की पहिला प्रश्न 'बाळ कसं आहे?' आणि दुसरा 'दूध पुरतंय ना?' तिसरा प्रश्न येईपर्यंत फोन ठेवायची वेळ होते. माझी तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ती कुणाला सांगणार? एवढी गोड मुलगी मांडीवर असताना तक्रार केली तर लोक शेण घालतील तोंडात. मला फक्त ती तीन मिनिटं हवी होती. हातात कुणी नाही, खांद्यावर कुणी नाही, आणि ओरडले तरी कुणी जागं होणार नाही अशी.

मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा मी विषय काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल बसा. नवरा म्हणाला, "अगं, टेन्शनच नको घेऊस. मी शीट बनवतो."

त्याने शीट बनवलं आणि नमनाला घडाभर तेल गेलं. डायपर नऊ, दुपटी सहा, झबली पाच, गरम पाण्याचे थर्मास दोन. एका रकान्यात 'बाळ झोपेल' असं लिहून त्यासमोर ११ ते १२.१५. दुसऱ्यात 'बाळ आनंदी असेल', १२.१५ ते १.

"हे तिला वाचून दाखवलंस का?" मी विचारलं.

"यार, तू सपोर्ट कर ना जरा."

मग पार्कात किती उंचीपर्यंत मुलांना फुकट सोडतात ते पाहायला तो टेप घेऊन तिच्या मागे लागला. अजून धड रांगत नाही ती मुलगी, पार्कवाले तिला काय उभी करून मोजणार होते? पण शीटमध्ये रकाना होता, तो भरायला हवा. ती गोगलगायीसारखी अंग आखडून घेई आणि तो टेप सरळ करत बसे. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी टेपच काढून घेतली. "पोराक मोजू नये. वाढ खुंटता," म्हणाल्या. तो रकाना रिकामाच राहिला.

सासूबाईंना बरोबर न्यायचं हे आधीच ठरलं होतं. एक जण राइडमध्ये, दुसऱ्याकडे बाळ, आणि त्या दुसऱ्याला पाणी प्यायला तिसरं माणूस. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. चाळीस वर्षं मुंबईत राहूनही त्या बोलतात मालवणीच, आणि लोखंडाचं असून जे जे हलतं त्या सगळ्याला पाळणा म्हणतात. पार्कात जायला मात्र त्या एका पायावर तयार होत्या. फक्त निघायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, एवढीच अट.

आमच्याकडे, म्हणजे बोरिवलीला माझ्या माहेरी, ही पद्धत नव्हती. कोकणातल्या घरांत कुठलंही काम काढलं की देवासमोर नारळ ठेवतात, आणि घरातलं मोठं माणूस देवाला सगळा मामला मोठ्याने समजावून सांगतं. आम्ही कोण, कुठे चाललो, काय हवं, काय नको. प्रत्येक मागणी संपली की बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' गावाकडे हे पुरुषांचं काम. पण सासरे गेल्यापासून सासूबाईच घालतात, नाहूरला तिसऱ्या मजल्यावर कोण विचारायला येतंय! लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आता सवय झालीय. त्या आवाज चढवून थांबल्या की आपण व्हय म्हणायचं, इतकं सोपं आहे.

त्या दिवशी सकाळी गाडी खाली येऊन उभी होती. नवरा मोबाइलवर शीटमधल्या खुणा करत होता आणि मी स्वयंपाकघरात थर्मासचं झाकण शोधत होते. देवापुढून सासूबाईंचा आवाज येत होता.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरांनी घराभायर पाय काढलेलो आसा. तेंका सुखरूप ने आणि सुखरूप हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत खड्डो, गाडी-घोडो काय आडवा इला तर बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढे मुलीची नजर, मुलीचं पोट, मुलीचा खोकला असं बरंच झालं. झाकण काही सापडत नव्हतं. सासूबाई थांबल्या की मी आतून ओरडत होते. शेवटच्या मागणीला झाकण हातात आलं, त्या आनंदात मी सगळ्यांत जोरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि आम्ही निघालो.

पार्कात मुलगी शीटप्रमाणे झोपली नाही हे सांगायलाच नको. अकरा ते सव्वाबारा ती टक्क जागी होती, आणि 'आनंदी असेल'च्या वेळात रडली. पण एक वाजता पेज खाऊन ती निवळली. नवरा म्हणाला, आधी मी बसून बघतो, सेफ आहे का ते. गेला, बोंबलला, आणि परत आला तो पांढराफटक पडून.

"झकास आहे," एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला. तोच बाक. मी मुलगी त्याच्या मांडीवर दिली, केस बांधले आणि रांगेकडे वळले.

"खंय चललंस गो?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, आता माझी पाळी."

"तुजी खयची? तू सबूद दिलंस मा सकाळी."

मला कळेना. "कसला शब्द?"

सासूबाईंनी सकाळची शेवटची मागणी जशीच्या तशी म्हणून दाखवली. "जवसर ह्या चेडू आंगार पिता, तवसर सून माजी उलट्यासुलट्या पाळण्यात पाय ठेवची नाय, ह्यो तिचो सबूद आसा रे म्हाराजा!" म्हणजे, मुलगी अंगावर पितेय तोवर सुनेने पाळण्यात बसायचं नाही. "आणि व्हय कोण म्हणाला? सगळ्यांत मोठ्यान तूच मा?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. "तूपण व्हय म्हणालास?"

"मला वाटलं टोलनाक्याबद्दल काहीतरी आहे," तो म्हणाला.

आमची तर वाटच लागली. मुलगी वरचं खात होती, पण दूध सोडायचं नाव नव्हतं. म्हणजे आणखी सहा महिने, कदाचित वर्ष. त्यांनी मुद्दाम फसवलं असंही नव्हतं. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई यांनी झोके घेऊ नयेत, हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. आणि त्यांनी सगळं देवासमोर, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात विचारलं होतं. ऐकलं नव्हतं ते मी.

मी काही फार देवभोळी नाही. दुसरा कसला शब्द असता तर मोडून मोकळी झाले असते. पण या शब्दात मुलगी होती. उद्या तिला साधी सर्दी झाली तरी मला हाच पाळणा आठवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी रांगेच्या कठड्यापाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. बत्तीस वर्षांची बाई, पाळण्यात बसायला मिळत नाही म्हणून भर दुपारी रडतेय. माझी मलाच लाज वाटली, म्हणून आणखी रडले.

"अगं, पुढच्या वर्षी येऊ ना," नवरा म्हणाला.

"मागच्या वर्षीपण मी पिशव्याच धरून बसले होते!" मी त्याच्यावर खेकसले. "सगळ्या जगाचं धरून बसायचं मी. मला एकदा, एकदाच, काही न धरता ओरडायचंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "नारळ घेवन ये."

"आई, इथे नारळ कुठे मिळणार?"

"पाणयाचो मिळता थंय कोपऱ्यार, माका दिसलो."

तो शहाळं घेऊन आला, वर खोचलेल्या नळीसकट. "नळी काढ," सासूबाई म्हणाल्या. "देवाक नळी नको."

"शहाळं चालतं?" मी नाक पुसत विचारलं.

"नारळाचाच बाळ ता. चलता."

त्यांनी शहाळं कठड्याच्या चौथऱ्यावर ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि रांगेतल्या पन्नास-साठ माणसांसमोर मोकळ्या गळ्याने सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! सकाळी ह्या लेकरान न आयकता सबूद दिल्यान. चुकला माकला पदरात घे रे म्हाराजा!"

मी आणि नवरा पुटपुटलो, "व्हय म्हाराजा." पण आमच्या मागून एक दणदणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" पांढऱ्या मिशांचे एक आजोबा नातवाचा हात धरून रांगेत उभे होते. ओळख ना पाळख, पण त्यांनी टोपी काढून हात जोडले होते.

"जो सबूद हिच्यावर आसा, तो आजपासून माज्यावर घाल. मी नाय बसणंय खयच्या पाळण्यात, मरासर नाय बसणंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता रांगेतले कॉलेजचे पोरगेही सामील झाले. त्यांना मजा वाटत होती. राइडच्या दारावरचा गणवेशातला माणूस साखळी हातात धरून तसाच उभा राहिला.

सासूबाईंनी श्वास घेतला. पुढचं त्या जरा हळू म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ही माजी सून. दीड वर्षां हिणा पोराचा केल्यान, घराचा केल्यान, माज्या गुडघ्यांचा केल्यान. सोतासाठी काय मागूक नाय. आज हिका वर ने, पोटभर बोंबलाक दी, आणि माजी माका परत हाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी रांग ओरडली.

मला म्हणता आलं नाही. डोहाळजेवणापासून बारशापर्यंत, तापापासून पहिल्या दातापर्यंत, या दीड वर्षात घरात किती गाऱ्हाणी झाली. प्रत्येकात 'बाळ' होतं आणि प्रत्येकाला मी व्हय म्हटलं होतं. मी असलेलं गाऱ्हाणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आजोबा म्हणाले, "जा गो बाय, पुढे जा," आणि रांगेने मला वाट दिली.

गाडी कडकड करत वर चढली. माझे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. टोकाला ती थांबली. खाली बाकाजवळ सासूबाई मुलीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, मान पार मागे टाकून माझ्याकडे बघत. दुसऱ्या हातात शहाळं अजून तसंच होतं. मग गाडी सुटली आणि बाकीची माणसं किंचाळली. मी काय ओरडणार ते वर्षभर मनात ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"व्हय म्हाराजा!" मी बोंबलले, खाली पोचेपर्यंत, घसा बसेपर्यंत.