अर्धलीनं दिलेलं पान

हिंगोलीत आमच्या आणि हरीशच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि ती इतकी पातळ की तिकडच्या फोडणीनं इकडं ठसका लागतो. तेव्हा मी चोरून ऐकतो असं गल्लीत कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मला ऐकू येतं.

गेलं वर्षभर जे ऐकू येतं ते असं. सकाळी हरीश दाढीला बसतो, तोंडाला फेस, म्हणून फोन स्पीकरवर टाकतो.

"हॅलो, बोकडवाले हरीशसाहेब का?"

"हरीश बोलतोय. बोकड नाहीत."

"इंटरनेटवर तर हायेत म्हनून लिवलंय. पोरीनं दाखवलं."

"लिहिलंय. पण संपले."

"संपले तर लिवलंय काहून?"

इथं हरीश फोन बंद करतो. त्या माणसाला उत्तर द्यायचं तर विद्यापीठाची अख्खी नियमावली वाचून दाखवावी लागेल, आणि तेवढ्यात फेस वाळतो.

हरीश मूळचा सिद्धेश्वर धरणाकडचा. त्याचे वडील, गल्लीचे प्रभूमामा, अजूनही धरणाच्या कडेनं शेळ्या-मेंढ्या चारतात. हरीशचं लहानपण त्यांच्याच मागं गेलं, अंगाला कायम तोच वास. कॉलेजात पोरं बाजूला सरकून बसायची. तेव्हा त्यानं ठरवलं की जन्मात पुन्हा शेळीचं तोंड बघायचं नाही, आणि कॉम्प्युटर शिकला. प्रियंकाच्या माहेरी स्थळ गेलं तेव्हा "मुलगा कॉम्प्युटरवर बसतो" एवढंच सांगितलं होतं. मग विद्यापीठात कंत्राटी नोकरी लागली, गल्लीत पेढे वाटले. पेढा खाताना मी सहज विचारलं, कोणत्या विभागात? म्हणाला, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं केंद्र आहे ना, तिथं.

ते केंद्र शेळी-मेंढीचं.

"हरीश, एवढं शिकून कुठवर आलास रे?" मी म्हणालो.

"काका, मी ऑफिसात बसतो. गोठा मागं आहे."

"वारा कुणीकडून येतो?"

त्यानं पेढ्याचा डबा बंद केला.

तर नियमावली. विद्यापीठाच्या मुख्यालयाला एक दिवस वाटलं की प्रत्येक केंद्राचं वेबसाइटवर एक पान पाहिजे, आणि ते नियमानं पाहिजे. विद्यापीठाचं बोधचिन्ह डावीकडंच. मजकूर मराठी-इंग्रजी दोन्हीत. फोटोतल्या प्रत्येकाची लेखी संमती. पानाच्या तळाला त्याला जबाबदार माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर. केंद्रप्रमुखाच्या सहीशिवाय एक अक्षर बदलायचं नाही. पान काढायचं तर थेट मुख्यालयाच्या समितीपुढं जायचं.

बैठकीत तेव्हाच्या केंद्रप्रमुख साहेबांनी विचारलं, "हे कुणी वाचलंय?" हरीशनं हात वर केला. सरकारी खात्यात मुरलेला माणूस अशा वेळी हात खाजवायलासुद्धा उचलत नाही, पण हरीश नवा होता. तळाला त्याचं नाव गेलं, नंबर गेला.

पान मात्र झालं झकास. वर फोटोत केंद्राचा दांडगा उस्मानाबादी बोकड, आणि त्याची शिंगं धरून उभे प्रभूमामा, कारण तो दुसऱ्या कुणाला आवरेना म्हणून त्यांना बोलावून घेतलं होतं. मामांची लेखी संमती घेतली. स्टोअर सांभाळणाऱ्या भीमसिंगनं विचारलं, "बोकडाची घेतली का? फोटोत तोच मोठा दिसून राहिला." फोटोखाली ओळ: पैदाशीसाठी जातिवंत बोकड उपलब्ध.

पंधरवड्यात बोकड संपले. त्याच सुमारास साहेब निवृत्त झाले. खुर्ची रिकामी, कारभार उत्तमसिंग सरांकडं. ते बसतात दुसऱ्या केंद्रावर आणि इकडं येतात क्वचित. हरीश कागद घेऊन गेला, 'उपलब्ध'च्या जागी 'शिल्लक नाहीत' करायचंय, सही द्या. सर म्हणाले, "बोकड माझ्या काळात आले का? न्हाई. माझ्या काळात इकले का? न्हाई. मग मी सही कशावर करू?" आणि चहा पाजला. चहा चांगला पाजतात म्हणे.

झालं. बोकड नाहीत, पण पानावर आहेत. नरसीपासून वाशीमपर्यंत ज्याच्या घरी शेळी माजावर येते, तो हरीशला उठवतो. सासुरवाडीत जेवताना फोन, तेराव्याच्या पंगतीत फोन. नंबर बदलावा तर बँक, आधार, सगळं त्याच्यावर, आणि नोकरीच्या परीक्षांचे निकालही त्याच्यावरच येणार.

निकाल आला. वाशीमच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. कायम. महिनाअखेरीच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतला पुढचा माणूस घेऊ. प्रियंकानं ते 'कायम' इतक्या हळू उच्चारलं की भिंतीला कान लावावा लागला. म्हणजे भिंतीजवळून जावं लागलं.

पण जुन्या केंद्रानं सोडल्याचा कागद दिल्याशिवाय नवीन जागी घेत नाहीत. आणि नियमावलीत तळाशी होतं: पानाला जबाबदार असलेल्या माणसाला दुसऱ्याकडं, त्याच्या लेखी संमतीनं, पान सोपवल्याशिवाय मोकळं करता येणार नाही.

हरीश केंद्रभर फिरला. भीमसिंग म्हणाला, "तू म्हन, रगत देतो. नंबर देनार न्हाई." बाकीच्यांनी तर त्याला येताना बघून गोठ्याची वाट धरली. हरीश गोठ्यापर्यंत मागं गेला, एवढा तो टेकीला आला होता. उत्तमसिंग सरांनी पुन्हा चहा पाजला.

महिना सरत आला. हरीशचं जेवण गेलं. संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या, दारापासून नळापर्यंत, नळापासून दारापर्यंत. प्रियंका दारात भाजी निवडत बसलेली. ती न बघताच म्हणाली, "केंद्रातली सगळी बोकडं सुटली, तुमीच तेवढे दावणीला राहिले."

मी हसलो. ती हसली नाही. मग मीही खाली बघितलं.

त्याच वेळी प्रभूमामा आले, खांद्यावर घोंगडं, हातात दुधाची बाटली. सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाले, "तू लोकाला काय म्हनतो?"

"पान तुमच्याकडं घ्या म्हणतो, आबा."

"तितंच चुकतंय. शेळी ठिवून घ्या म्हनलं तर कोन ठिवतंय? अर्धलीनं घ्या म्हन, मंग दावं धरतेत."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ज्याच्याकडं शेळ्या जास्त आणि हात कमी, तो एखादी शेळी दुसऱ्याच्या घरी बांधतो. शेळी याचीच राहते, चारापाणी त्यानं करायचं, पिल्लं झाली की अर्धी-अर्धी. दोघंही मालक, दोघंही गडी. मामांच्या निम्म्या शेळ्या अशाच गावोगाव.

"आबा, ते वेबसाइटचं पान आहे. शेळी नाही."

"दोन नावं लिवू नका असं हाय का तुज्या नियमात?"

हरीश घरात गेला. नियमावली दोनदा चाळली. बाहेर आला तेव्हा चेहरा बदलला होता. असं कुठंच नव्हतं, आणि अर्धं सोपवलं तरी ते सोपवलंच.

दुसऱ्या दिवशी तो सीमाकडं गेला. सीमा केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते, पत्र्याच्या खोलीत, आणि हिंगोलीचा उन्हाळा. नियमावलीत पानाला जबाबदार माणसाला कॉम्प्युटरच्या खोलीत स्वतंत्र टेबल आहे, आणि केंद्रातला एकुलता एक कूलर त्याच खोलीत. सीमानं टेबल बघितलं, कूलर बघितला.

"अर्धलीनं घेते," ती म्हणाली. "लिवनं माझ्याकडं. पन नंबर तुमचाच ऱ्हाऊ द्या. माझा फोन सासूबाई उचलतेत. परका बाप्या माजावरच्या शेळीचं बोलाय लागला तर मला घरात घेतील का?"

हरीश संमतीपत्र लिहून घरी घेऊन आला. मी वाचलं. "हरीश, नंबर तुझाच ठेवलास की रे."

"काका, एकदा सुटू द्या. पुढचं पुढं."

उत्तमसिंग सरांनी यावेळी झटकन सही केली. नवीन नाव त्यांच्या काळात येत होतं ना. बोकडांच्या ओळीला मात्र हात लावू दिला नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी हरीश मोकळा झाला. प्रियंकानं गल्लीत पेढे वाटले. यावेळी मी काहीच विचारलं नाही, नुसता खाल्ला.

आता तो रोज एसटीनं वाशीमला जातो. फोन येतातच. पान दोघांचं, म्हणून नंबर बदलायला दोघांच्या सह्या लागतात, आणि सीमा म्हणते, चाललंय ते चालू द्या.

पण खरं ते पुढंच झालं. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. नवीन माणूस कोण म्हणून त्यांनी मोबाईलवर त्याचं नाव टाकून बघितलं होतं. वर आला बोकड, खाली हरीश.

"अरे वा, तुम्हाला तर वेबसाइटचा अनुभव आहे," प्राचार्य म्हणाले. त्यांच्याही विद्यापीठाकडून नियमावली आली होती. प्रत्येक कॉलेजचं एक पान, तळाला एक नाव, एक नंबर. जागा कायम असली तरी हरीश पहिली दीड वर्षं कसोटीवर, म्हणजे प्रोबेशनवर; 'नाही' हा शब्द त्याला अजून परवडत नाही.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, बूटही काढले नाहीत. प्रभूमामा दूध घालायला आलेलेच होते. हरीशनं सगळं सांगितलं. मामांनी विचार केला, तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली.

"पैलं पिल्लू," ते म्हणाले. "तुज्या वाट्याचं."

हरीश आता बुटाची नाडी सोडायला लागला. मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो, पण प्रियंका दारात उभी होती.

परवा सकाळी फोन वाजला. मला वाटलं, बोकड.

"वाशीमच्या कॉलेजचे हरीशसर का? पानावर वसतिगृह हाय म्हनून लिवलंय. जागा मिळंल का पोरीला?"

वस्तरा थांबला. वसतिगृह बांधायचं ठरलंय एवढंच मला माहीत, आणि तेही भिंतीमुळं.

"लिहिलंय," हरीश म्हणाला, आणि तोंडावरचा फेस वाळत गेला.