तांदळाच्या पोत्यांमागे

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक गट दर शनिवारी भातकुलीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना वाचन शिकवायला जातो. गटाची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून मीही सोबत जाते.

एका शनिवारी गटातली एक विद्यार्थिनी धावत माझ्याकडे आली. "मॅडम, तिसरीतली एक पोरगी कुठीच दिसून नाही राहिली."

शाळेच्या मागे कठडा नसलेली विहीर होती. पहिल्या दिवसापासून मला तिची धास्ती वाटायची, पण मी कुणाला काही बोलले नव्हते. मी तिकडे धावले. खाली हिरवं पाणी अगदी संथ होतं. मी वाकून बघत राहिले आणि पोरीच्या आईला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवू लागले.

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजते त्या खोलीतून विद्यार्थिनीची हाक आली. तिथे तांदळाच्या पोत्यांमागे पोरगी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

"काहून लपली वं?" विद्यार्थिनीने विचारलं.

"माहा नंबर येऊन राहिला होता. मले वाचता येत नाही, सारे हासतात."

विद्यार्थिनीने तिला बाहेर ओढलं नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि पुस्तक उघडून दोघींपुरत्या आवाजात वाचू लागली. थोड्या वेळाने पोरीनेही दोन ओळी वाचल्या.

विहिरीवर जाळी बसवायचं मी मुख्याध्यापकांकडून त्याच दिवशी कबूल करून घेतलं. तरी अमरावतीला परतताना मला गाडी दोनदा थांबवावी लागली. ब्रेकवर पाय ठरत नव्हता.